खटारा ओढणारे हात : कुलाब्याची जागा आणि तिचे कार्यकर्ते

लोकसभेच्या पहिल्या नऊ सार्वत्रिक निवडणुकांचे कुलाब्याचे निकाल एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहावेत. १९५२ साली चिंतामणराव देशमुख, काँग्रेस. १९५७ साली राजाराम बाळकृष्ण राऊत, शेतकरी कामगार पक्ष. १९६२ साली भास्कर नारायण दिघे, काँग्रेस. १९६७ साली दत्तात्रय काशिनाथ कुंटे, अपक्ष. १९७१ साली शंकरराव सावंत, काँग्रेस. १९७७ साली दि. बा. पाटील, शेकाप. १९८० साली अंबाजी तुकाराम पाटील, इंदिरा काँग्रेस. १९८४ साली पुन्हा दि. बा. पाटील. १९८९ साली बॅ. अंतुले, काँग्रेस. सदतीस वर्षांत एकदाही कोणत्याही पक्षाला ही जागा सलग दोनदा राखता आली नाही. १९९१ मध्ये अंतुल्यांनी ती राखली, तेव्हा हा पायंडा मोडला.

बारामती कोणाची, नागपूर कोणाचे, हे आपण निवडणुकीआधी सांगतो. कुलाबा कोणाचा, हे मात्र मतमोजणी संपेपर्यंत कोणी छातीठोक सांगितले नाही. अशा जागेवर उमेदवारापेक्षा त्याच्यासाठी राबणाऱ्या माणसांना महत्त्व येते. इतिहास मात्र निवडून आलेल्याचा लिहिला जातो. त्याच्यासाठी मतदारयाद्या हाताने उतरवून काढणाऱ्याचा, खाडी ओलांडून चिठ्ठ्या पोचवणाऱ्याचा लिहिला जात नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी आहे. मी त्यांच्यातलाच एक होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचकाला कळेल आणि त्याने माझे म्हणणे तेवढे कमी करून घ्यावे.

लेखाचे निमित्त जरा दूरचे आहे. माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. २०१८ साली तिथे काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, निवडणुका होत्या. तिच्या स्वतःच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार येणार हे ठरल्यासारखेच होते, म्हणून शनिवार-रविवार ती तासाभरावरच्या दुसऱ्या मतदारसंघात जाऊन दारोदार फिरली. तिथे अँडी किम नावाचा नवखा उमेदवार होता. तो चार हजारांहूनही कमी मतांनी निवडून आला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा. त्यांतल्या खऱ्या चुरशीच्या काही डझनच. त्यामुळे सुरक्षित भागातले लोक आपला वेळ आणि पाच-दहा डॉलर चुरशीच्या जागेकडे पाठवतात. २००४ पासून तर 'अ‍ॅक्टब्लू' या व्यवस्थेतून असे लहान देणगीदारांचे पैसे घरबसल्या जातात. फोनवर हे सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, "मामा, तुमच्याकडे असं काही होतं का रे?" मी म्हणालो, होतं. पण नीट सांगता आले नाही. तेच इथे सांगतो आहे.

पोयनाडजवळच्या खारेपाटात माझे गाव. खारेपाट म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन. धरमतरच्या खाडीचे भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, आत गोड्या पावसाच्या पाण्यावर एक भाताचे पीक काढायचे. बांध एका ठिकाणी फुटला, तर शेजारची शंभर शेते खारी होतात आणि पुढची तीन-चार वर्षे भात देत नाहीत. त्यामुळे बांध ही कोणा एकाची गोष्ट नव्हती. बांधावर राबण्यासाठी शेतकऱ्यांचे जोळ असत. खांड पडली की रात्री-अपरात्री प्रत्येक घरातला माणूस टोपली आणि फावडे घेऊन निघायचा. न येणाऱ्याला दंड आणि त्याहून मोठी शिक्षा म्हणजे गावाचे टोमणे. शेकापची संघटना कशी उभी राहिली, हे पुस्तकांत शोधणाऱ्यांनी आधी हा बांध पाहावा असे माझे मत आहे. ज्या गावाला एका हाकेत शंभर माणसे उभी करण्याची सवय आहे, त्या गावाला प्रचार शिकवावा लागत नाही.

दुसरी शाळा चरीच्या संपाची. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे सभा झाली आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. नेते नारायण नागू पाटील. संप सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेती ओस ठेवायची आणि पोट डोंगरातली लाकडे विकून, खाडीतल्या मासळीवर, मिळेल त्या मजुरीवर भरायचे. जगात शेतकऱ्यांचे इतके लांबलेले संप फार थोडे असतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात इथल्या शेतकरी परिषदेला आले होते. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्या मागणीसाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

१९३७ च्या त्या निवडणुकीतच कुलाब्यातल्या राबणाऱ्यांनी पहिल्यांदा आपला उमेदवार निवडून आणला, असे म्हणायला हरकत नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे सुरबानाना. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेले. जातीने कायस्थ, उभे राहिले आंबेडकरांच्या पक्षाकडून. मात्र तेव्हा मत सर्वांना नव्हते. सारा, कर किंवा शिक्षण अशी काही पात्रता असणाऱ्यालाच ते होते. म्हणजे सभेला येणारे, मोर्चात चालणारे आणि उमेदवाराला खांद्यावर घेणारे बरेच जण मतपेटीपाशी जाऊ शकत नव्हते. ज्याला मत आहे त्याचे मन वळवायचे, एवढेच त्यांच्या हाती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या किनाऱ्यावर कार्यकर्ता आधी जन्मला, मतदार नंतर.

ऑगस्ट १९४७ मध्ये आळंदीला केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळी जमली आणि काँग्रेसच्या पोटात शेतकरी कामगार संघ निघाला. पुढच्या वर्षी ते बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष झाला. १९५२ च्या विधानसभेत पक्षाला १४ जागा मिळाल्या. दोन वर्षांत जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संस्थापकच गेल्यावर पक्ष मिटायला हवा होता. बऱ्याच जिल्ह्यांत तो क्षीण झालाही. कुलाब्यात तो टिकला, कारण इथे तो वरून खाली आला नव्हता. संपातली माणसे, त्यांचे 'कृषीवल' हे वर्तमानपत्र आणि बांधावरचे जोळ हे सगळे पक्षाच्या आधीपासून जागेवर होते. पक्षाने त्यांना लाल बावटा दिला आणि निशाणी म्हणून बैलगाडी मिळाली. आमच्याकडे तिला बैलगाडी कोणी म्हणत नाही. खटारा म्हणतात.

निशाणीचे महत्त्व आज कळणार नाही. १९५२ आणि १९५७ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे, आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. पडद्याआड एका ओळीत पेट्या. ज्याला वाचता येत नाही, त्याने चित्र ओळखायचे. मग कार्यकर्त्याचे अर्धे काम म्हणजे ते चित्र घराघरांत पोचवणे. १९६२ पासून एकाच कागदावर सगळ्यांची नावे आणि निशाण्या आल्या, शिक्का आला, आणि कार्यकर्त्यांना सगळे पुन्हा शिकवावे लागले : शिक्का कुठे मारायचा, घडी कशी घालायची म्हणजे शाई पलीकडच्या घरावर उमटणार नाही. नमुना मतपत्रिका घेऊन ओटीवर बसून हे धडे चालत. माझ्या आजीला सही येत नव्हती, पण मतपत्रिकेची उभी घडी घालण्यात ती गावात पटाईत होती आणि शेजारणींना शिकवायची.

आता १९५७. या निवडणुकीकडे वळण्याआधी कुलाब्याच्या पहिल्या खासदाराविषयी दोन शब्द. चिंतामणराव देशमुखांचा जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग नेहरूंचे अर्थमंत्री. कुलाब्याने त्यांना १९५२ मध्ये दिल्लीला पाठवले आणि १९५६ च्या जुलैत मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे पुढच्या निवडणुकीत काँग्रेसच्या विरोधात जो मुद्दा होता, तो काँग्रेसच्याच इथल्या खासदाराने आधी मांडून ठेवला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन सगळे एकत्र होते. तेव्हाचा कुलाबा अर्धा मुंबईत राहायचा. गिरणीत, गोदीत, घरगड्याच्या कामावर असलेला माणूस भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचा, तो नुसता पैसे घेऊन येत नसे. चाळीतल्या सभा, शाहीर अमरशेखांचा आवाज, हुतात्म्यांच्या बातम्या हे सगळे तो घेऊन येई. माझ्या भाचीने शनिवारी मोटार काढून दुसऱ्या मतदारसंघात जाणे आणि परळच्या चाळीतल्या माणसाने मतदानासाठी दोन दिवसांचा पगार बुडवून लाँचमध्ये बसणे, या दोन गोष्टी मला फार वेगळ्या वाटत नाहीत. फरक एवढाच की ती परक्यांच्या दारात जात होती आणि आमचा चाकरमानी स्वतःच्या.

त्या वर्षी राऊत निवडून आले. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ रोजी कृषक दिन आला आणि कुळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक ठरला. खोती कायद्याने १९४९ मध्येच गेली होती. चरीच्या संपकऱ्यांनी जे मागितले ते बहुतेक मिळाले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मागणी पुरी झाली की चळवळ ओसरते, आणि संघटना कितीही चांगली असली तरी नुसत्या संघटनेवर लोकसभा जिंकता येत नाही. मुंबईसह महाराष्ट्र १९६० ला झाला आणि १९६२ ला कुलाबा काँग्रेसकडे गेला. शेकापचे आमदार अलिबाग-पनवेलच्या बाजूला निवडून येत राहिले, पनवेलला दि. बा. पाटील १९५७ पासून सलग होते. पण अख्ख्या लोकसभेच्या मतदारसंघाचे गणित निराळे. उत्तरेकडे, म्हणजे पनवेल, उरण, पेण, अलिबागेत खटारा जोरात. दक्षिणेला, म्हणजे जंजिरा संस्थानातून आलेल्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आणि माणगावकडे काँग्रेस. दोन्ही पारडी जवळपास सारखी. म्हणून थोड्याशा वाऱ्याने काटा हलायचा. १९७१ चा वारा इंदिराबाईंचा, १९७७ चा आणीबाणीविरुद्धचा. त्या १९७७ च्या वाऱ्यात शेकापचे महाराष्ट्रातून पाच खासदार गेले : कुलाबा, कोल्हापूर, नांदेड, परभणी, लातूर. वाऱ्यावर जिंकलेल्या जागेचे श्रेय कार्यकर्त्यांनी घेऊ नये. त्यांची परीक्षा वारा तोंडावर असताना होते.

ती परीक्षा १९८४ ला झाली.

सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या बाजूच्या ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. जमीन म्हणजे भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी. ज्यांना १९५७ ला सातबारावर नाव मिळाले होते, त्यांच्याच मुलांकडे पंधरा-वीस वर्षांत भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. दि. बा. पाटील जासईचे, याच गावांतले. १९२६ चा जन्म, वकील. १९८४ च्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदरासाठीच्या संपादनाला विरोध तापला. १६ आणि १७ जानेवारीला जासईच्या बाजूला दास्तान फाटा आणि न्हावा-शेवा इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. आंदोलनात बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि पुढे निवडणुकीच्या प्रचारातही त्याच पुढे होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे. उरणच्या लोकांना गोळीबार नवा नव्हता. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह त्यांच्या घरांत अजून सांगितला जात होता. पण तो गोळीबार इंग्रजांचा होता.

३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरच्या शेवटी निवडणूक आली. देशभर सहानुभूतीची लाट. आमच्या गावातही दूरदर्शनवर ती अंत्ययात्रा पाहून बायका रडल्या होत्या, आणि त्यांत खटाऱ्याला मत देणाऱ्याही होत्या. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, शाळेत नुकताच लागलेला. सुट्टी टाकून आम्ही दहा-बारा पोरे पक्षाच्या कामाला बसलो.

काम काय असे ते सांगतो, कारण आता ते कोणी करत नाही. पहिले काम मतदारयादी. तहसिलातून मिळालेल्या यादीवरून कार्बन घालून हाताने प्रती काढायच्या. मग यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण : गावात आहे, मुंबईला आहे, मयत आहे, लग्न होऊन गेली आहे. मुंबईला असलेल्यांची वेगळी यादी करून ती भाऊच्या धक्क्याने जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची. तिकडचा माणूस ती घेऊन चाळीचाळींत फिरे. दुसरे काम भिंती. गेरू आणि चुना कालवून रात्री गॅसबत्तीच्या उजेडात खटारा काढायचा. चाके गोल येण्यासाठी आमच्याकडे एक फुटके पातेले होते, त्याची कड धरून ओढायचे. तिसरे चिठ्ठ्या. मतदाराचे नाव, यादीतला अनुक्रमांक आणि केंद्र लिहून त्या घरोघर द्यायच्या, आणि देताना बसायचे. बसल्याशिवाय मत कळत नाही, असे आमचे जुने लोक सांगत. चहा घेतला तर घरचे बोलू लागतात. उभ्या उभ्या चिठ्ठी दिली तर नुसते 'हो हो' म्हणतात. आणि शेवटचे काम मतदानाच्या दिवशी केंद्रावर एजंट म्हणून बसणे, ज्यासाठी गावातल्या सगळ्यांची तोंडे ओळखणारा माणूस लागे. आमच्या केंद्रावर एक म्हातारे टपालवाले बसत. त्यांना फसवून दुसऱ्याच्या नावावर मत टाकणे कोणालाच शक्य नव्हते.

पैसा कुठून येई? भातझोडणी नुकतीच आटपलेली. कोणी पायलीभर भात दिले, कोणी नारळ, कोणी पाच रुपये. आमचे जेवण म्हणजे ज्याच्या गावात रात्र पडेल त्याच्या घरची तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण. पोपटीचे दिवस अजून लांब होते, नाहीतर कोणी कामाला आलाच नसता असा विनोद तेव्हा चाले. खाडीपलीकडच्या गावांत जायला होडी धरावी लागे आणि भरती-ओहोटी पाहून प्रचाराच्या वेळा ठरत. उमेदवाराची मोठी सभा आमच्या भागात एकच झाली. ते उमेदवार म्हणून आमच्या गावात आलेच नाहीत. येण्याची गरजही नव्हती. जासईला काय झाले ते लोकांना माहीत होते आणि आम्हाला फक्त एवढेच विचारायचे होते की आज त्यांची जमीन, उद्या आपली का नाही?

निकाल लागला तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या. उरलेल्या पाचांत बारामतीला शरद पवार, औरंगाबादला त्यांच्याच काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर, राजापूरला मधू दंडवते, मुंबई दक्षिण-मध्यमधून दत्ता सामंत आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील. या पाचांत माझ्या मते कुलाब्याची गोष्ट सर्वांत अवघड होती. पवार आणि दंडवते स्वतःच राज्यभरात मोठे झालेले नेते. सामंतांमागे गिरणी संपाचा अख्खा कामगार विभाग. दि. बां.मागे पाच मृत्यूंचा राग आणि गावोगावच्या आमच्यासारख्या पोरांची फळी होती. त्यांनी आणि त्या गावांनी लावून धरलेली, विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला परत देण्याची मागणी पुढच्या काळात सरकारी योजना झाली. भूसंपादनाच्या चर्चेत आजही देशभर तिचा दाखला दिला जातो.

इथवर गोष्ट ऐकणाऱ्याला गोड वाटते. पुढची तशी नाही, आणि ती न सांगितली तर हा लेख पक्षाचे स्मरणपत्र होईल.

१९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, आणि त्याच वर्षी कुलाबा अंतुल्यांनी घेतला. जिल्ह्याचे नाव त्यांनीच मुख्यमंत्री असताना १ जानेवारी १९८१ पासून रायगड केले होते. गंमत अशी की लोकसभेचा मतदारसंघ मात्र २००४ च्या निवडणुकीपर्यंत जुन्या नावानेच, कुलाबा म्हणून राहिला. अंतुल्यांनी जिल्ह्यातल्या माणसांची कामे केली हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत, आणि मतदार काम करणाऱ्याला विसरत नाही. दुसरीकडे जमिनीला भाव आला. भरावाचे डंपर, बंदराची कंत्राटे, भूखंडांचे व्यवहार. गावातला जो मुलगा पूर्वी रात्री भिंत रंगवायला येई, त्याच्याकडे आता स्वतःची गाडी होती आणि वेळ नव्हता. मी त्याला दोष देत नाही. बांधावर फुकट राबण्याची सवय बांधाबरोबरच गेली. जिथे भात पिकत नाही तिथे बांध कोण राखणार?

१९९८ आणि १९९९ ला शेकापचे रामशेठ ठाकूर निवडून आले. पक्षाने लोकसभेला लागोपाठ दोनदा जिंकलेली ती पहिली वेळ, आणि शेवटचीही. ते उद्योजक. प्रचार उत्तम झाला. पण चिठ्ठ्या छापून आल्या होत्या, भिंतींवर रंगारी मजुरीने काम करत होते, आणि आम्हाला बसायला खुर्च्या होत्या. पुढे ठाकूर काँग्रेसमध्ये गेले आणि २००९ ला त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर काँग्रेसतर्फे पनवेलचे आमदार झाले. पनवेलसारखा गड गेला. अलिबागेत नारायण नागू पाटलांचे मुलगे दत्ता पाटील आणि प्रभाकर पाटील, मग प्रभाकर पाटलांची मुले मीनाक्षी पाटील, जयंत पाटील, सुभाष पाटील अशी नेतृत्वाची रांग घरातच लागली. त्यांनी कष्ट केले नाहीत असे मी म्हणणार नाही. पण संपातून उठलेल्या पक्षात पंचवीस गावांतल्या दुसऱ्या घरांतून पुढे येणाऱ्या पोराला किती वर जाता येईल, हा प्रश्न आम्ही कार्यकर्ते आपसात विचारायचो आणि बैठकीत गप्प बसायचो. त्या गप्प बसण्यात माझाही वाटा आहे.

मग २००८ ची मतदारसंघांची पुनर्रचना. पनवेल, उरण आणि कर्जत मावळला जोडले गेले. रायगड नावाच्या नव्या मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर आले. कागदावर ही एक रेघ. पण जी साखळी जासईपासून रेवदंड्यापर्यंत हातोहात चाले, ती मधोमध तुटली. उरणचा कार्यकर्ता पिंपरी-चिंचवडच्या उमेदवाराला मत मागू लागला आणि आम्हाला गुहागरात एकही ओळखीचे दार नव्हते.

चुरस मात्र कुलाब्याच्या रक्तातच असावी. २०१४ ला शिवसेनेचे अनंत गीते यांना ३,९६,१७८ मते पडली आणि राष्ट्रवादीच्या सुनील तटकऱ्यांना ३,९४,०६८. फरक २,११०. शेकापने रमेश कदम यांना उभे केले होते आणि त्यांनी लाखाच्या वर मते घेतली. आणि मतदानयंत्रावर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष, वेगळ्या निशाणीवर. त्यांना ९,८४९ मते मिळाली. म्हणजे हरलेल्या उमेदवाराच्या नावाच्या दुसऱ्या माणसाला, फरकाच्या चौपटीहून जास्त मते. ती सगळीच चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण माझ्यासारख्या, ओटीवर बसून निशाणी शिकवलेल्या माणसाला हा आकडा वाचून वाटले, की त्या गावांत चिठ्ठी देताना कोणी बसले नसावे. पुढच्या वर्षापासून निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावायला सुरुवात केली. नामसाधर्म्याचा गोंधळ टाळणे हेच त्याचे कारण होते. पूर्वी जे काम कार्यकर्ता करत असे, त्यातले थोडे छायाचित्राने उचलले.

२०१९ ला शेकापने उमेदवार दिला नाही आणि तटकऱ्यांना पाठिंबा दिला. निवृत्त झालो होतो तरी सवयीने बाहेर पडलो. आमच्या आळीत ऐंशी ओलांडलेल्या एक काकी आहेत. १९५७ ला त्या लहान होत्या, पण १९८४ ला माझ्याबरोबर खाडीपलीकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे बसलो, चहा घेतला आणि यंत्राचा कागदी नमुना काढून घड्याळ दाखवले.

"हे रे काय? खटारा कुठंय?"

"यंदा खटारा नाही, काकी. यंदा घड्याळ."

"आनि मागल्या खेपेला ह्याच घड्याळाला पाडा म्हणून तूच आल्तास ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी कागद जवळ घेतला, घड्याळावर बोट ठेवून दोनदा दाबून पाहिले आणि लक्षात ठेवते म्हणाल्या. तटकरे ३१ हजारांवर मतांनी आले. २०२४ ला शेकाप गीत्यांच्या बाजूने, म्हणजे मशालीच्या बाजूने आणि घड्याळाच्या विरोधात होता. या वेळी मी काकींकडे नमुना नेला नाही. त्यांची चिठ्ठी तेवढी लिहून दिली, अनुक्रमांक आणि केंद्र घालून, आणि रिक्षा सांगून ठेवली. मत देऊन आल्यावर त्यांनी शाईचे बोट दाखवले. कोणाला दिले ते मी विचारले नाही.